शिरपूर किती वाजता दिसते?

जळगावच्या धावपट्टीवरून उडालेले एक छोटे विमान धुळ्याकडे, म्हणजे जवळजवळ थेट पश्चिमेला निघाले आहे. उजव्या हाताला तापीचे पात्र आणि त्यापलीकडे सातपुडा, डाव्या हाताला दूरवर अजिंठ्याचे डोंगर. वैमानिकाच्या लेखी विमानाचे नाक म्हणजे बारा, उजवा पंख तीन, शेपटी सहा, डावा पंख नऊ, आणि एकेका तासाला ३० अंश. निघताना शिरपूर साधारण एकवर असते. पुढे अमळनेर उजवीकडून आणि पारोळा डावीकडून मागे पडतात आणि धुळे जवळ येता येता शिरपूर तीनवर पोहोचलेले असते. विमान मागे फिरून जळगावच्या वाटेला लागले, की तेच गाव डाव्या अंगाला येते.

नाकापासून उजवीकडे फिरत मोजलेल्या या कोनाला सापेक्ष बेअरिंग म्हणतात. नाकाची दिशा, म्हणजे हेडिंग, त्यात मिळवले की उत्तरेपासूनचे बेअरिंग मिळते: २७० अधिक ९० म्हणजे ३६०, अर्थात शिरपूर ठीक उत्तरेला. बेरीज ३६०च्या पुढे गेल्यास तेवढे वजा करायचे.

जहाजावर डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. खलाशी मागे तोंड करून उभा राहिला तरी ही नावे बदलत नाहीत, कारण ती माणसाची नव्हे, जहाजाची असतात. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा दिवा. विमानाच्या पंखांवरही हेच रंग. अंधारात समोर दोन्ही एकदम दिसले, तर समोरचे आपल्याच दिशेने तोंड करून आहे.

सर्वांत जास्त जपावे लागते ते न बदलणाऱ्या कोनाला. शिरपूरचा कोन सतत सरकत होता, म्हणून ते बाजूला राहिले. परंतु दुसरे जहाज जवळ येत असूनही त्याचे बेअरिंग तेच राहत असेल, तर टक्कर होण्याचा धोका आहे असे मानावे, हे १९७२च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत स्पष्टपणे लिहिले आहे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर इंजिनावर चालणाऱ्या दोन जहाजांपैकी ज्याच्या उजवीकडे दुसरे आहे, त्याने वाट द्यायची.

हवेत मात्र वाऱ्याचाही हिशोब ठेवावा लागतो. रडारवरच्या नियंत्रकाला विमानाचा मार्ग दिसतो, नाक कुठे वळले आहे ते दिसत नाही. दक्षिणेचा वारा कापण्यासाठी धुळ्याकडे जाणाऱ्या विमानाने नाक १५ अंश डावीकडे ठेवले असेल, तर नियंत्रकाने ‘दोनवर’ सांगितलेले विमान वैमानिकाने अडीचवर शोधायला हवे.