देऊन परत घेतलं की

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. माईक जरा खरखरतोय, चालवून घ्या.

आज बोलायचंय स्पेनमधल्या कॅटलोनियावर, पण दादरमध्ये बोलतोय म्हणजे कोणीतरी संयुक्त महाराष्ट्राचं काढणारच, म्हणून मीच आधी काढतो. वेगळा देश आपण कधी मागितलाच नव्हता, मुंबईसकट मराठी राज्य मागितलं, तेही भारतातच. 1956 ला हातात ठेवलं काय, तर द्वैभाषिक. मग 57 च्या निवडणुकीत समितीने दणका दिला आणि 1 मे 1960 ला राज्य झालं. शंभरावर माणसं गेली त्यासाठी, उशीर केला दिल्लीने, पण एकदा दिलं ते दिलं. एवढं डोक्यात ठेवून आता तिकडे चला.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याने कॅटलोनियाची स्वायत्तता मोडली, शाळा-कचेऱ्यांतून भाषा काढून टाकली. तो 1975 ला गेला, 78 ला नवी घटना आली, 79 ला स्वायत्तता परत. शाळा कॅटलानमध्ये, स्वतःचे पोलिसही. जोर्दी पुजोल 1980 ते 2003 सलग तिथला मुख्यमंत्री, आणि त्याची पद्धत आपल्या ओळखीचीच आहे बघा, माद्रिदच्या केंद्र सरकारला खासदार कमी पडले की हा पाठिंबा द्यायचा आणि बदल्यात काहीतरी पदरात पाडून घ्यायचा. भांडण होतं, पण घरातलं. स्वातंत्र्य हवं म्हणणारे तेव्हा थोडेच.

मग 2006 ला नवा स्वायत्तता कायदा आला. कॅटलान संसदेने केला, माद्रिदच्या संसदेने कात्री लावून मंजूर केला, मग लोकांनी सार्वमतात हो म्हटलं. संपलं ना? नाही. स्पेनचा उजवा पक्ष पॉप्युलर पार्टी कोर्टात गेला, घटनात्मक कोर्टाने 4 वर्षं घेतली आणि 2010 ला 14 कलमं रद्द केली, काहींचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. म्हणजे मत देऊन झाल्यावर 4 वर्षांनी कळतं की दिलेलं अर्धवट होतं! दुसऱ्याच महिन्यात बार्सिलोनाचे रस्ते माणसांनी भरले. माझ्या मते खरी फूट इथे पडली, 2017 ला नाही. न मिळाल्याचा राग माणूस गिळतो हो, पण ताटात वाढून परत उचललं की तो अपमान असतो.

2017 टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंच. 1 ऑक्टोबरचं स्वातंत्र्यावरचं सार्वमत, मतपेट्या ओढणारे पोलिस, लाठ्या. मग घटनेचं कलम 155 लावून माद्रिदने कॅटलान सरकार बरखास्त केलं, तिथला मुख्यमंत्री पुजदेमाँ बेल्जियमला पळाला. बरखास्तीनंतर डिसेंबरात निवडणूक घेतली तर पुन्हा स्वातंत्र्यवाद्यांनाच बहुमत, 135 पैकी 70 जागा. दंडुक्याने काय साधलं?

हां, तुम्ही विचारताय पैशाचं काय. बरोबर, स्पेनमधल्याच बास्क प्रांताकडे बघा. तिथे कर गोळा करतात त्यांचेच जिल्हे, आणि संरक्षण, परराष्ट्र वगैरे खर्चाचा ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतात, त्याला कुपो म्हणतात. कॅटलोनियात उलटं, बराचसा कर आधी माद्रिदला जातो आणि मग वाटप. 2012 ला त्यांनी बास्कांसारखं काहीतरी मागितलं, पंतप्रधान राखोय नाही म्हणाला. तिजोरीची चावी कोणाकडे, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा आठवतात ना, त्या जकातीचा पैसा थेट महापालिकेत यायचा, 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, आता भरपाईचा हप्ता राज्य सरकारकडून येतो.