तबकडीवरचा पत्ता

मंडळी, डेट्रॉइट परिसरात आपली माणसं भरपूर आहेत, पण बहुतेक ट्रॉय, नोव्हाय, कँटनमध्ये. पाहुणे आले की त्यांना थेट नायगाऱ्याला नेतात आणि शहर बघायचं राहूनच जातं. तिथे फोटोसाठी कुठे उभं राहायचं, हे मी जुन्या सोल रेकॉर्डांवरून, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांच्या सोल संगीताच्या तबकड्यांवरून ठरवतो. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

सात इंची, मध्ये मोठं भोक असलेली पंचेचाळीसची, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी तबकडी. मोटाउन ही डेट्रॉइटची रेकॉर्ड कंपनी. साठच्या दशकातल्या तिच्या लेबलवर नकाशा छापलेला असे आणि त्यात डेट्रॉइटच्या जागी एक तारा. तो तारा पोचवतो २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डला. १९५९ साली मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी याने ते दुमजली घर घेतलं. त्याआधी तिथे चक्क एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता! लोक दारावरच्या ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ या पाटीचा जवळून फोटो काढतात आणि निघतात. मी म्हणतो, रस्ता ओलांडून पलीकडे जा आणि शेजारची घरंही चौकटीत घ्या. कंपनी वाढली तशी तिने ती एकेक करून घेतली. हिशेब, जाहिराती, सगळा कारभार राहत्या वस्तीतल्या घरांमधून चालायचा. साधी पाटी दाखवून हे कळत नाही.

आता तबकडी तिरपी करून उजेडात धरा. गाण्याच्या खोबणी संपतात तिथून लेबलपर्यंत एक कोरी पट्टी असते. मोटाउनच्या बऱ्याच तबकड्यांवर तिथे ‘एआरपी’ असा बारीक शिक्का दिसतो. म्हणजे ती मिशिगनमधल्याच ओवोसो गावच्या कारखान्यात दाबली गेली. लेबल कुणीही छापू शकतं. सत्तरच्या दशकात उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत या गाण्यांचं वेड पसरलं, तेव्हा नकली तबकड्यांचाही सुळसुळाट झाला. म्हणून जुनी खोडं लेबलाआधी ही पट्टी बघतात.

सगळेच पत्ते हाती लागतात असं नाही. थर्ड अव्हेन्यूवर फॉर्च्युन रेकॉर्ड्स ही दुसरी रेकॉर्ड कंपनी होती. तिथे नोलन स्ट्राँग हा गायक गायला. आता ती इमारत नाही. मी तिथलाही फोटो काढतो आणि खाली पत्ता लिहितो. हीच पडझड मिशिगन सेंट्रल स्टेशनात सगळ्यांनी टिपली. १९१३ चं ते स्टेशन १९८८ मध्ये बंद पडलं आणि फुटक्या काचांचे फोटो जगभर गेले. फोर्डने ते २०१८ मध्ये घेतलं, २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. त्या फोटोंमध्ये माणूस क्वचितच असे, आणि आसपास लाखो लोक राहत होते! मला तो प्रकार कधी आवडला नाही.

याउलट डेट्रॉइटमधलीच हायडेलबर्ग स्ट्रीट. टायरी गायटन या कलाकाराने १९८६ पासून तिथली ओसाड घरं रंगीत ठिपक्यांनी, टाकून दिलेल्या बाहुल्या-बुटांनी सजवली. नगरपालिकेने १९९१ आणि १९९९ मध्ये काही भाग पाडला, पुढे आगीही लागल्या. तिथे एकच फोटो काढून भागत नाही. दरवर्षी जावं लागतं.

भित्तिचित्रांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो बिनधास्त काढता, छापता येतो. तिच्या भिंतीवरचं चित्र मात्र चित्रकाराचं असू शकतं. ईस्टर्न मार्केटमधली भित्तिचित्रं मर्सिडीझच्या जाहिरातीत मागे दिसली, चित्रकारांनी हरकत घेतली आणि २०१९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. त्यामुळे कोपऱ्यातली सही आधी टिपा, आणि फोटो विकायचा असेल तर चित्रकाराला विचारा.

काय म्हणालात? सोलमधली सगळ्यात महाग तबकडी? फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची, मोटाउनच्याच ‘सोल’ या लेबलवरची. ती बाजारात आलीच नाही. नमुना म्हणून काढलेल्यांपैकी एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांवर गेली. नाही, माझ्याकडे नाही. असती तर दाखवायला आणली असती का, हेही सांगवत नाही!