ओढ आणि गोडी

(एका तालुका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी मला विषय कळवला होता, ‘व्हिडिओ गेमचं व्यसन आणि मेंदूची हानी’. फोनवर मी त्यातली ‘हानी’ काढून ‘बदल’ करायला लावलं. ते ‘हो हो’ म्हणाले, पण बाहेरच्या फळ्यावर खडूनं ‘हानी’च लिहिलंय. मागच्या रांगेत बरेच आईवडील दिसताहेत, ते त्या शब्दामुळेच आले असावेत. तेव्हा तक्रार करत नाही.

एका मुलापासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. अकरावीतला मुलगा, बरोबर आईवडील. आई खुर्चीत टेकायच्या आतच बोलायला लागल्या, “डॉक्टर, रात्री तीन-तीन वाजेपर्यंत खेळतो. जेवायला हाक मारली की म्हणतो, मॅच चालू आहे, मध्येच सोडता येत नाही. ताट झाकून ठेवते, सकाळी तसंच असतं.” वडील गप्प. मी दोघांना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि मुलाला विचारलं, “मजा येते का रे खेळताना?” माझी कल्पना, आता याचे डोळे चमकणार. तो खांदे उडवून म्हणाला, “आधी यायची. आता बोअर होतं.”

“मग खेळतोस कशाला?”

“नाही खेळलो तर रँक जाते. स्क्वॉडमधले वाट बघत असतात.” मग जरा वेळानं, खाली बघत, “आणि नाही खेळलो तर चैन पडत नाही, सर.”

मला आज जे सांगायचंय ते या पोरानं तीन वाक्यांत सांगून टाकलं होतं. आपण बोलताना ‘ओढ’ आणि ‘गोडी’ हे शब्द एकाच पिशवीत टाकतो. आंब्याची गोडी लागली म्हणजे आंब्याची ओढ आलीच, असं आपल्याला वाटतं. मेंदूत मात्र या दोन गोष्टींची खाती वेगवेगळी आहेत. एरवी ती एकमेकांच्या सोबतीनं चालतात. व्यसनात त्यांची ताटातूट होते: गोडी आटते, ओढ वाढत जाते.

डोपामिन हा शब्द आता घरोघरी पोचलाय. पेपरवाले त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांवर केलेले प्रयोग बघितले तर हे नाव चुकीचं ठरतं. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ सगळं नाहीसं केलं. उंदीर खायचे थांबले. समोर अन्न असून जागचे हलेनात, भरवलं नाही तर उपाशी मेले असते. पण त्यांच्या तोंडात साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला, तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. डोपामिनचा मुख्य संबंध या ओढीशी आहे.

ही ओढ कुठे जाऊन चिकटते, ते मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगातल्या माकडांनी दाखवलं. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळायला लागल्या आणि रसाच्या वेळी शांत राहू लागल्या. आपल्याकडे आजी लाडवाचा डबा उघडते तेव्हा झाकणाच्या आवाजानंच नातू स्वयंपाकघरात येतो ना, तसंच. आणि दिवा लागला पण रस मिळाला नाही, तर पेशींची नेहमीची हालचालही मंदावायची. अपेक्षा किती आणि मिळालं किती, यातल्या फरकाचा हा हिशेब आहे. बक्षीस ठरलेलं असेल तर फरक शून्य. बक्षीस कधी मिळेल, कधी नाही, असं असेल तर हिशेब कधीच मिटत नाही.

आता त्या मुलाचा गेम बघा. शंभर जण विमानातून उड्या मारतात, शेवटी एकच जण किंवा एकच स्क्वॉड उरतो. बहुतेक वेळा तुम्ही हरणारच, पण कधी हरणार, कधी जिंकणार याचा नेम नाही. गेममधली बक्षिसाची पेटी उघडली तर बंदुकीची साधी स्किन, म्हणजे नुसतं वरचं रंगरूप, निघेल, नाहीतर एखादी दुर्मीळ. शेवटच्या तिघांत येऊन मेलात, तर ते ‘थोडक्यात हुकलं’ आणखी टोचतं. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्लॉट मशीनसारख्या खेळात दाखवलं की थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असतो, तरी मेंदूत जिंकण्याशी जोडलेले काही भाग जागे होतात आणि माणसाला परत खेळावंसं वाटतं. पत्त्यांच्या अड्ड्यावर बसणाऱ्याला हे सांगायला केंब्रिज लागत नाही, ते सोडा.

आता ज्या प्रयोगाचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल, त्याकडे येतो. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी तो ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला. आठ पुरुष, मेंदूतल्या रसायनांचा माग काढणारा पीईटी (PET) स्कॅनर, आणि रणगाड्याचा गेम: शत्रूचे रणगाडे चुकवत, उडवत झेंडे गोळा करायचे. शरीरात रॅक्लोप्राइड नावाचं किरणोत्सारी खूण लावलेलं औषध सोडलेलं. डोपामिन जिथे बसतं तिथेच हे बसतं. डोपामिन वाढलं की याला जागा कमी उरते, त्यावरून मोजमाप. खेळताना स्ट्रायटममध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या ओढीच्या भागात, डोपामिन वाढलेलं दिसलं. वाढ किती, तर शिरेतून उत्तेजक ड्रग अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर दिसते त्याच्या आसपास. झालं! ‘गेम म्हणजे ड्रग’ ही ओळ तेव्हापासून फिरते आहे.

पण त्या लोकांना प्रत्येक लेव्हल पार केल्यावर सात पौंड मिळत होते, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि तुलना कशाशी, तर नुसत्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसण्याशी. मग वाढलेलं डोपामिन गेमचं, पैशाचं की हात चालवण्याचं? तरीही प्रयोग मोठा होता, कारण माणूस काही करत असताना त्याच्या मेंदूत डोपामिन सुटताना पहिल्यांदाच असं मोजलं गेलं. फक्त त्यातून ‘तुमचा मुलगा ड्रग घेतोय’ हे निघत नाही.

बर्लिनमधल्या एका प्रयोगाचं कौतुक मी मुद्दाम आईवडिलांसमोर करतो. २०१४ साली सिमोन क्यून आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांना दोन महिने, रोज अर्धा तास, ‘सुपर मारिओ ६४’ खेळायला लावला. नंतर स्कॅनमध्ये उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये, कपाळामागच्या एका भागात आणि लहान मेंदूत करड्या द्रव्याचं, म्हणजे मेंदूच्या पेशी दाटीनं असतात त्या भागाचं, प्रमाण वाढलेलं दिसलं, न खेळणाऱ्यांत दिसलं नाही. वाट लक्षात ठेवणं, बेत आखणं, हात वळवणं, अशी ही खाती आहेत. तबला शिकताना मेंदू बदलतो, गाडी शिकताना बदलतो, गेमनंही बदलतो. म्हणून कोणी स्कॅनची रंगीत चित्रं दाखवून ‘बघा, मेंदू बदललाय’ म्हणालं, तर मी विचारतो, बरं, मग?

आता दुसरी बाजू. गेमचं व्यसन असलेल्यांचे स्कॅन न खेळणाऱ्यांच्या शेजारी ठेवले, तर अनेक अभ्यासांत कपाळामागचा भाग, म्हणजे ‘पुरे आता’ म्हणणारा भाग, थोडा कमी भरलेला दिसतो. प्रश्न एवढाच की गेममुळे तसा झाला, की तो तसा होता म्हणून पोरगं गेममध्ये अडकलं? एकदाच काढलेल्या फोटोवरून आधी कोण आणि नंतर कोण ते ठरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना आधीपासून चंचलता असते, नैराश्य असतं, वर्गात कोणी छळत असतं. शिवाय हा भाग पिकायला पंचविशी उजाडते. सोळाव्या वर्षी ओढीची गाडी जोरात आणि ब्रेक अजून गॅरेजमध्ये, ही निसर्गाचीच रचना आहे.

त्यातल्या त्यात मला पटणारा पुरावा तैवानचा. २००९ साली को चिह-हुंग यांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं व्यसन असलेल्या दहा जणांना स्कॅनरमध्ये झोपवून त्या गेमची चित्रं दाखवली. खेळायला दिलं नाही, नुसती चित्रं. दारू किंवा ड्रगच्या व्यसनात बाटली-सुई बघून मेंदूचे जे भाग पेटतात, साधारण तेच इथे पेटले. दहाच माणसं, हे विसरू नका. पण मला पुन्हा शुल्ट्झचा दिवा आठवतो.

म्हणूनच निदान करताना मी स्कॅन काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतलं, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघायच्या: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडून गेम पुढे येतो, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं. किती तास, हा आकडा त्यात कुठेच नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस रात्रंदिवस खेळून शाळा उघडल्यावर गुमान अभ्यासाला बसणारा मुलगा आजारी नाही, त्याच्या आईला काहीही वाटो.

त्या मुलाचं वर्ष भरत आलं होतं, तिन्ही गोष्टी होत्या. वडिलांनी आधी एकदा मोबाईल भिंतीवर आपटला होता. त्यानंतर चार दिवस पोरगं कोणाशी बोललं नाही, आणि पाचव्या दिवशी मित्राच्या मोबाईलवर सुरू. आम्ही रँकला हात लावलाच नाही, झोपेपासून सुरुवात केली. रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, वडिलांचाही. वडिलांचाच विरोध जास्त होता! मुलानं शेवटचा हुकमी एक्का काढला, “सकाळी अलार्म कसा लागणार?” वडील बाजारातून चावीचं घड्याळ घेऊन आले.

महिन्याभरानं तिघं परत आले. रात्रीच्या मॅच बंद होत्या, संध्याकाळच्या चालू होत्या, कॉलेजात हजेरी जेमतेम. पोरगं वैतागलेलं होतं. म्हणालं, “सर, ते घड्याळ रात्रभर टिकटिक करतं, मला झोप लागत नाही.” मी वडिलांना म्हटलं, उद्या दुसरं घड्याळ आणा, आवाज न करणारं. आणि केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात ते तसंच लिहून घेतलं.