बॅटरी मेली म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, साक्रीकडच्या डोंगराळ मळ्यांत, जिथे तार नीट पोचली नाही तिथे सौर पॅनेल पोचलं. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं चालतं. रडवते ती बॅटरी. दोन पावसाळे जात नाहीत तोच निरोप येतो, "भाऊ, बॅटरी मरी गयी."

गेल्या उन्हाळ्यात साक्री तालुक्यातल्या एका मळ्यावर असाच गेलो. १२ व्होल्ट, १५० ॲम्पियर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आणि पत्र्यावर १०० वॉटचं एकच पॅनेल. रात्री नऊलाच पंखा थांबायचा. नवीन बॅटरीसाठी मळ्यावरच्या बाबांनी शेळी विकायला काढली होती. मी म्हटलं, "बाबा, दोन दिवस थांबा."

पहाटे, पॅनेलवर ऊन यायच्या आत, सगळं बंद ठेवून बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावला. रात्रभर निवांत पडलेली भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी १२.२, रिकामी ११.८. दुपारी मोजू नका. तेव्हा चार्जिंगचे तेरा-चौदा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. आमचा आकडा होता ११.९. मग बुचं काढून बॅटरीच्या सहाही खणांत हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी, घातला. भरलेल्या ट्युब्युलरची ग्रॅव्हिटी, म्हणजे हाच दाटपणा, १२४० च्या आसपास असते. इथे सगळीकडे ११५० ते ११६०. एकच खण बाकीच्यांपेक्षा पन्नासने खाली असता, तर तो खण गेला असं मी म्हटलं असतं. सहाही सारखेच खाली, म्हणजे बॅटरी उपाशी आहे.

हिशेब सोपा आहे. हे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारशे-साडेचारशे वॉट-अवर देतं. ५० वॉटचा पंखा आठ तास चालला की तेवढे संपले. वर दिवे, मोबाईल. बॅटरी एकदाही पोटभर भरली नाही. अशा अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण खडे धरतात, मग चार्ज आत शिरेनासा होतो. त्यातून पंखा थांबला की बाबांचा नातू कंट्रोलरला, म्हणजे बॅटरी फार उतरली की पंखा-दिवे तोडणाऱ्या डब्याला, बगल देऊन पंख्याची वायर थेट बॅटरीला जोडायचा. कंट्रोलर बॅटरी वाचवायलाच तोडतो हो! ती वायर मी आधी काढली.

पाणीही प्लेटांच्या खाली गेलं होतं. अशा वेळी प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पूर्ण चार्ज झाल्यावर मग खुणेपर्यंत. बोअरचं पाणी नको, आणि ॲसिड तर मुळीच नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतली, सोडा आत जाऊ नये म्हणून बुचं घट्ट लावून. या कामाच्या वेळी जवळ विडी किंवा चिमणी नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्याचा भडका उडतो.

बॅटरी पत्र्याखाली होती, तीही हलवली. आपल्या भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ गाठतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. दर दहा अंशांनी बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मातीच्या भिंतीची सावली आणि खेळती हवा, एवढं तिला पुरतं.

शेळी राहिली. दुसरं पॅनेल हप्त्याने आलं. तोवर आठवडाभर पंखा बंद ठेवला, आणि बाबा उकाड्यात अंगणात झोपले. परवा त्यांनी फोनवर आकडे वाचून दाखवले. पाच खण १२३०. सहावा १२१० वर अडलाय. तो पुढच्या महिन्यात बघणार आहोत.

नमस्कार.