ब्याण्णवावं मिनिट

(फोंड्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्षमहाशय आणि मंडळी,

निमंत्रण आलं तेव्हा माझा विषय ठरला होता ‘निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन’. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण गेल्या रविवारी मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपल्या एफसी गोवा संघाचं जे झालं, त्यानंतर मी चिटणिसांना फोन केला. म्हटलं, मुदत ठेवींवर बोलायची माझी मनःस्थिती नाही, फुटबॉलवर बोललो तर चालेल का? पलीकडून जरा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, “बोला. मीही तिथंच होतो.”

तर ६ एप्रिल, रामनवमी. घरात दुपारी बाराला जन्म झाला, पाळणा झाला. संध्याकाळी देवळात पालखी, आणि मी मात्र भाच्याला मागे बसवून मडगावच्या रस्त्याला. बायको काही बोलली नाही. सुंठवड्याची पुडी तेवढी खिशात कोंबली. तिचं न बोलणं मला चांगलं कळतं.

इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, उपांत्य फेरी, समोर बंगळूरू. त्यांच्याकडे पहिला सामना आपण ०-२ हरून आलो होतो. म्हणजे इथे दोन गोल फेडायचे होते. ४९व्या मिनिटाला बोर्हा हेरेराने एक फेडला. मग सुरू झालं ते नुसतं घड्याळाकडे बघणं. साठ झाली, सत्तर झाली, ऐंशी झाली. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मैदानाकडे पाठ करून उभा राहिला, त्याला म्हणे बघवत नव्हतं. आणि ८८व्या मिनिटाला सादिकूने दुसरा मारला! त्या पाठमोऱ्या माणसाने मला मिठी मारली, ओळख ना पाळख. दोन्ही सामने मिळून २-२. आता जादा वेळ, वारं आपल्या बाजूचं, पाय त्यांचे थकलेले. भाच्याने सुंठवडा मागितला. मी म्हटलं, थांब, जिंकल्यावर.

जादा वेळ आलाच नाही. ९०+२, म्हणजे नव्वद मिनिटांवर भरपाईचं दुसरं मिनिट. सुनील छेत्री, चाळीस वर्षांचा माणूस, हवेत उठला आणि डोक्याने चेंडू आत घातला. तीन-दोन. आपल्या संघाचं चिन्ह गवा, तेव्हा हत्तीऐवजी गवा गेला आणि शेपूट राहिलं.

साखळीत आपले ४८ गुण होते, बंगळूरूचे ३८. दहा गुणांनी मागे असलेला संघ अंतिम सामन्यात, आणि आपण बोरीच्या रस्त्याला. या बाद फेऱ्यांच्या पद्धतीवर मला पुष्कळ बोलता येईल, पण जिंकलो असतो तर मी त्या पद्धतीबद्दल चकार शब्द काढला नसता. तेव्हा ते सोडून देऊ.

मला बोलायचंय ते त्या रागाबद्दल. ०-३ हरलो असतो तर एवढा राग आला नसता, हे तुम्हीही मान्य कराल. मग हाच एवढा का? याचं उत्तर मला बँकेच्या काउंटरवर मिळालं. कर्ज नाकारलं की गिऱ्हाईक कागद गोळा करून गुपचूप जायचा. पण एखाद्याला “मंजूर झालंय, सोमवारी या” असं सांगितलं आणि सोमवारी वरून नकार आला, तर तो काउंटरवर हात आपटायचा. पैसे दोघांनाही मिळालेले नसायचे. पण दुसऱ्याने रविवारी घरी बसून त्या पैशांनी गाडी घेतलेली असायची. आपणही त्या चार मिनिटांत जादा वेळ खेळून घेतला, जिंकून घेतला, अंतिम सामन्याच्या तिकिटाचं बोलून घेतलं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

आणि असा राग आला की त्याला एक माणूस लागतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

२० डिसेंबर २०१५. हेच फातोर्डा, आयएसएलचा अंतिम सामना, समोर चेन्नई. १-१ असताना ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला. तीन मिनिटं राहिली. आमच्या स्टँडमध्ये लोक रडत होते, आनंदाने. आणि मग काय झालं? आपला अख्खा संघ एकेक पाऊल मागे सरकत गेला. कोणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप मागे जातात. मी लहानपणी भात कापल्यावरच्या शेतात खेळलोय. पायाला खुंट टोचायचे, चेंडू मेरेला लागला की आउट. तिथेही एक गोल पुढे असलो की आम्ही सगळे आपल्या गोलापाशी येऊन उभे. चेंडू आला की नुसता झोडायचा. आणि झोडलेला चेंडू परत येतो, कारण तो घ्यायला पुढे आपलं कोणी उरलेलंच नसतं.

तर ९०व्या मिनिटाला चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडून जाळ्यात गेला. स्वयंगोल, लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर. आणि ९०+२ला मेंडोझाने तिसरा मारला. होय, तेव्हाही ब्याण्णवच.

त्या स्वयंगोलानंतर मी उभा राहून त्या पोराला उद्देशून एक शब्द ओरडलो. वाचनालयात तो उच्चारता येणार नाही. आम्ही वर्तमानपत्र मराठी वाचतो, भाषण मराठीत करतो, पण मैदानावर शिवी येते ती कोंकणीतच. शेजारी माझा मुलगा होता. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. बरं, तो गोलरक्षक आपल्या गोव्याचाच. आणि त्या दिवशी आपल्या बाकावर प्रशिक्षक म्हणून कोण होतं? झिको. १९८६च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध भर सामन्यात पेनल्टी हुकवलेला झिको. एका चुकीचं ओझं किती वर्षं वाहावं लागतं, हे त्या मैदानात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला हे सुचलं ते घरी येऊन, जेवून, झोप न लागल्यावर.

जरा मागचं सांगतो, कारण आजच्या पोरांना ते दंतकथा वाटतं. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग, २००७-०८ला सुरू झाली आणि पहिले सहाच्या सहा मोसम गोव्याच्या क्लबांनी जिंकले. धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. तेव्हा हरण्याचं दुःख वेगळं होतं. साळगावकर हरले की आमच्या बँकेतला धेंपोवाला कॅशियर दिवसभर शीळ वाजवायचा. त्याच्यावर दात-ओठ खाण्यात आमचा राग जिरून जायचा. महिन्याभरात धेंपो हरायचे, मग शीळ आमची. आता २०१६ला साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले आणि आयएसएलमध्ये तर सगळ्या गोव्याचा मिळून हा एकच संघ. तो हरला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांचेच चेहरे पडलेले. हसायला शेजारी नाही, भांडायला कॅशियर नाही. मग तो राग जातो गोलरक्षकाकडे. आणि आयएसएलची ट्रॉफी अजून एकदाही नाही. २०१५ तसं गेलं. २०१९ला मुंबईत बंगळूरूविरुद्ध ११७व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरने गेलं. २०१९-२०ला साखळीत पहिले येऊन शील्ड जिंकली, ते आम्हाला कोणी विचारलं तरच आठवतं.

आता २०२४. हा किस्सा मी घरातही फार सांगत नाही. २४ एप्रिल, उपांत्य फेरीचा पहिला सामना, समोर मुंबई. बोरिस सिंगचा एक, ब्रँडनचा एक, आपण २-० पुढे. सामना संपत आला तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, आता काय व्हायचंय? नंतर गर्दीत अडकण्यापेक्षा निघालेलं बरं. स्कूटर काढली. राय ओलांडेपर्यंत खिशातला फोन तीनदा थरथरला. हेल्मेटच्या आत मी हसत होतो. म्हटलं, चिरंजीव अभिनंदन करतायत. बोरीला एका गाड्यावर थांबलो आणि ऐटीत रस ऑम्लेट सांगितलं. गाडेवाल्याने पाव कापता कापता माझ्या जर्सीकडे बघितलं आणि म्हणाला, “सामकें काबार.” मला वाटलं पाव संपले.

९०, ९०+१, ९०+६. छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते. दोन-तीन. प्रत्येक थरथरीला एक गोल. पुढे मुंबईत जाऊन ०-२ हरलो, ते तर नुसतं सुतक पाळणं होतं.

त्या रात्री मात्र ओरडायला माझ्याकडे माणूसच नव्हता. मी पाहिलंच नव्हतं ना काही! कोण मागे सरकला, कोणी चेंडू सोडला, मला ठाऊक नाही. मी स्वतःच मैदान सोडून आलो होतो. त्या गाड्यावर ऑम्लेट पुढ्यात घेऊन बसलो असताना मला दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

२० मार्च २०२२. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा फातोर्डा, पण गोवा नाही. हैदराबाद आणि केरळ. स्टँड केरळवाल्यांनी पिवळेधमक केलेले. मी घरी टीव्हीसमोर एकटा, सहज लावलेला. १-१ बरोबरी, जादा वेळही गेला, आणि पेनल्टी. हैदराबादच्या गोलात उभा कोण? लक्ष्मीकांत कट्टीमनी. तेच मैदान, २०१५चंच. त्याने एक अडवली. मी पुढे सरकून बसलो. दुसरी अडवली. मी उठून उभा राहिलो. तिसरी अडवली, आणि हैदराबाद ३-१ने विजेते. त्याचे सवंगडी त्याच्याकडे धावत सुटले होते. मी टीव्हीसमोर उभाच. सव्वासहा वर्षांपूर्वी त्याच गवतावर त्याच्या हातून जे झालं, ते त्या रात्री त्याच्या डोक्यात आलं असेल का, हे मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात तो शब्द आला. मुलाला फोन लावला. तो पुण्यात असतो, त्यानेही सामना लावलेला. “पाहिलंस?” मी विचारलं. “पाहिलं,” तो म्हणाला, “तुम्हीच पाहताय ना, म्हणून मीही पाहत होतो.” आणखी काही बोललो नाही आम्ही.

म्हणून परवा रविवारी, छेत्रीच्या गोलनंतर, मी शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून हललो नाही. भाचा अकरा वर्षांचा आहे. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून अगदी तोच शब्द बाहेर आला, त्याच सुरात. कुठून शिकला, विचारू नका. मी त्याला रागावलो नाही. पुडी सोडून सुंठवडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने विचारलं, “पण मामा, आपण जिंकलो नाही ना?” म्हटलं, खा.

परतताना बोरीच्या पुलावर वारा होता. पालखी केव्हाच आत गेली होती. बायकोने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. हरलात का, असं तिने विचारलं नाही.

“कितव्या मिनिटाला?”

“ब्याण्णव.”

“मग आमटी गरम करते,” म्हणाली आणि आत गेली.