जिवंत साठा किती?

(फोटो-व्हिडिओ आणि दप्तरं साठवायच्या डिस्कांविषयी लातूरमध्ये स्टुडिओचालक आणि ग्रंथालयात काम करणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, पावसाळा लागला की आपल्याकडं सकाळच्या चहाबरोबर एकच विचारणा असते, नाथसागर किती झाला? कुणी चाळीस टक्के म्हणतं, कुणी पंचेचाळीस. हे टक्के कशाचे, ते फारसं कुणी विचारत नाही. जायकवाडीची एकूण क्षमता साधारण १०२ टीएमसी. त्यातले जवळपास २६ टीएमसी मृतसाठा. टक्के मोजतात ते उरलेल्या ७६ चे. लातूरकरांना मृतसाठा शिकवायची गरज नाही म्हणा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपल्याच गावाला.

डिस्क घेताना मात्र आपण हे विसरतो. ४ टीबीच्या चार डिस्क आणल्या, सोळा टीबी झाले, असं गिऱ्हाईक मला ठणकावून सांगतं. खोक्यावरचा टीबी हजाराच्या पटीत मोजलेला असतो आणि यंत्र १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळं ४ ची डिस्क तिथंच ३.६४ दिसते. एखादी डिस्क मेली तरी फाइली वाचाव्यात म्हणून चारांपैकी एका डिस्कएवढी जागा सुरक्षेला दिली की उरले १०.९. त्यातही मी ८० टक्क्यांच्या वर भरू देत नाही, म्हणजे हाती आले पावणेनऊच्या आतबाहेर. सुरक्षेला दोन डिस्क दिल्या तर पावणेसहा. हा तुमचा जिवंत साठा. खरेदीचा हिशोब इथून उलटा करायचा.

आता या सगळ्या डिस्कांचा मिळून पूल (pool) करतात, तो म्हणजे काय? पूर्वी एका डिस्कचे तुकडे पाडायचे, हा फोटोंचा, हा व्हिडिओंचा, हा हिशोबाचा. जशी चार भावांनी चार रानांत चार विहिरी पाडल्या. एकाची कोरडी, दुसऱ्याची तुडुंब, आणि पाणी इकडचं तिकडं नेता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एरन्स यांनी २००१ मध्ये झेडएफएसचं, म्हणजे डिस्कांवर फाइली मांडणाऱ्या प्रणालीचं, काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी हे तुकडेच काढून टाकले. सगळ्या डिस्कांची एक सामायिक विहीर, तोच पूल. सामायिक विहीर म्हटलं की आपल्याला कोर्टकचेरी आठवते, पण इथं पाळ्या यंत्र सांभाळतं. पुलात डेटासेट, म्हणजे कप्पे, पाडायचे, त्यांना कोटा लावला की त्यापुढं कुणाला उपसता येत नाही, रिझर्वेशन लावलं की तेवढं पाणी त्याच्या हक्काचं. दोन्ही आकडे उद्या बदलता येतात. आज ज्या नॅस पेट्या, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या डिस्कांच्या पेट्या, मिळतात, त्यातल्या ट्रूनॅसच्या पोटात हेच झेडएफएस आहे.

पुलाच्या आत एक पायरी आहे, तिचं नाव व्हीडेव. दोन-चार डिस्कांचा गट म्हणजे एक व्हीडेव, आणि असे एक किंवा अनेक व्हीडेव मिळून पूल. डिस्क मेली तर ते दुखणं व्हीडेवच्या आत सोसलं जातं. अख्खा व्हीडेव गेला तर पूल गेला. अर्धा नाही, सगळा; कारण पुलातला डेटा सगळ्या व्हीडेवांवर विखुरलेला असतो.

सोसायचं कसं, ते आडतीच्या पट्टीवरून सांगतो. तुरीची तीन पोती, ५१, ४९ आणि ५२ किलो. खाली बेरीज १५२. पट्टीवर चहा सांडला, मधला आकडा पुसला. बेरजेतून उरलेले वजा केले की ४९ परत. रेडझेड-१ म्हणजे ही बेरीज. ती एकाच डिस्कवर नसते, सगळ्यांवर वाटलेली असते, एवढाच फरक. दोन आकडे पुसले तर मात्र एका बेरजेनं काही होत नाही. त्यासाठी रेडझेड-२, म्हणजे दोन वेगळ्या रीतीचे हिशोब. मिरर तर सरळच, त्याच पट्टीची कार्बन कॉपी.

चार डिस्क असतील तर दोन मिरर काय आणि रेडझेड-२ काय, जागा सारखीच मिळते. रेडझेड-२ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. मिररमध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर खेळ खलास, पण बदललेली डिस्क लवकर भरून निघते आणि पुढं दोन-दोन डिस्क घालून वाढवता येतं. ग्रंथालयानं जुनी दप्तरं स्कॅन करून नुसती जपायची असतील तर मी रेडझेड-२ सांगतो. दर लग्नसराईला फुगणाऱ्या स्टुडिओला मिरर.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. एका स्टुडिओत चार डिस्कांचं रेडझेड-१ मीच बसवलेलं. मे महिना, पूल ९३ टक्के. झेडएफएस लिहिलेल्यावर पुन्हा लिहीत नाही, बदल नेहमी मोकळ्या जागेत मांडतं. जागा संपत आली की चिंध्या गोळा करत बसतं आणि मंदावतं. एडिटिंग करणारी पोरं वैतागलेली. मालक म्हणाले, ‘एक डिस्क टाका की अजून.’ मी डिस्क घालायची आज्ञा, झेडपूल अ‍ॅड दिलं. यंत्रानं हटकलं, की सुरक्षेची पातळी जुळत नाही, करायचंच असेल तर डॅश एफ, म्हणजे जबरदस्तीची खूण, लावा. मी घाईत डॅश एफ लावला. म्हणजे चार डिस्कांच्या गटाशेजारी एकटी डिस्क नवा व्हीडेव म्हणून बसली, पाठीशी कुणी नसलेली. ज्या पुलात रेडझेड आहे, त्यातून असा व्हीडेव काढता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीच डिस्क गेली. जुन्या चार ठणठणीत, आणि पूल उघडेना. मग मी आणि मालक मोटारसायकलवर गावोगाव फिरलो. लग्नघरी दिलेल्या पेनड्राइव्हवरून परत कॉपी करून घेत. एका आजीनं चहा पाजून विचारलं, ‘कामून हो, तुमच्याकडं नाही का राहिलं?’

ओपनझेडएफएसच्या, म्हणजे झेडएफएसच्या आजच्या मुक्त रूपाच्या, २.३ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, रेडझेडच्या गटातच एकेक डिस्क वाढवता येते. तिथं अ‍ॅड नव्हे, अटॅच. आधीच्या डेटाला बेरजेचं जुनंच प्रमाण राहतं, म्हणून वाढलेली जागा अपेक्षेपेक्षा कमी वाटते, घाबरू नका.

डिस्क निवडताना एसएमआर जातीची टाळा. तिच्यातल्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. आपली घरं माळवदाची, पण कोकणात पाहिलं असेल, खालचं कौल बदलायचं तर वरची काढावी लागतात. मेलेल्या डिस्कच्या जागी ही लावली की भरून यायला तासांच्या जागी दिवस लागतात, आणि नेमकं त्या दिवसांत उरलेल्यांवर ताण असतो. डिस्कांची नावं सिरियल नंबरानं द्या, तोच नंबर ट्रेवर मार्करनं लिहा. बिघडलेली सोडून चांगली उपसणारे मी पाहिलेत.

महिन्यातून एकदा स्क्रब लावा. तो प्रत्येक तुकडा वाचून चेकसम, म्हणजे त्या तुकड्याचा पडताळणीचा आकडा, ताडतो आणि चुकलेला बेरजेवरून दुरुस्त करतो. वीज गेली तर झेडएफएसचा पूल अर्धवट लिहिलेला राहत नाही, शेवटच्या काही सेकंदांचं काम तेवढं जाऊ शकतं. तरी यूपीएस हवाच, आणि त्याची केबल सर्व्हरला जोडा, बॅटरी उतरायच्या आत तो स्वतः बंद होईल. डिस्क ४५ अंशांवर गेली की मी पंखा तपासतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ते रोजचंच.

स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, घेतला तेव्हा जवळपास फुकट असतो. नंतर फाइल पुसली तरी स्नॅपशॉट तिला धरून ठेवतो, म्हणून चुकून उडवलेला फोल्डर परत मिळतो, आणि म्हणूनच पुसूनही जागा मोकळी होत नाही. ‘डिलीट केलं तरी फुल्ल दाखवतंय’ या फोनचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. हेच स्नॅपशॉट दुसऱ्या गावातल्या यंत्रावर पाठवता येतात, आणि पहिल्या पाठवणीनंतर फक्त फरक जातो. दुसऱ्या गावात का, हे ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिलेल्या जिल्ह्यात मी सांगत नाही. एका छताखाली दोन पूल ठेवले तर ते मोजताना एकच धरा.

आज घरी गेल्यावर झेडपूल स्टेटस ही आज्ञा चालवा. डिस्कांची नावं गटाच्या नावाखाली थोडी आत सरकलेली दिसतील. एखादं डिस्कचं नाव गटांच्या रांगेत, डावीकडं, एकटंच उभं असेल तर त्यात आजपासून नवीन काही भरू नका. दुसरीकडं पूर्ण कॉपी काढा, ती उघडून बघा, आणि मग पूल मोडून नव्यानं मांडा. पण कॉपीची सोय होईपर्यंत दोन-चार दिवस जाणारच असतील, तर हाताशी असलेली एखादी सुटी डिस्क अटॅच करून त्या एकट्या डिस्कला जोडीदार द्या. तेवढं त्याच रात्री करता येतं.