औट घटका म्हणजे किती मिनिटं?

एखाद्याचं राज्य औट घटकेचं ठरलं, असं आपण सहज म्हणतो. ही घटका मोजता येते. औट म्हणजे साडेतीन, एक घटका 24 मिनिटांची. तेव्हा हे राज्य नेमकं 84 मिनिटांचं!

औट ऐकलं की इंग्रजी 'आउट' आठवतो. राजा आउट झाला, अर्थही बसतो. व्युत्पत्ती शोधताना पाय घसरतो तो इथेच. उच्चार जुळला म्हणून मूळ एक होत नाही. मधल्या पायऱ्या दाखवता आल्या पाहिजेत. औटच्या पायऱ्या अशा: संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, मराठी औट. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातला चौथा अर्धा आहे ते. तीन पुरे, चौथा अर्धा.

अडीचही याच रीतीचा: अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दीडमध्ये द्वि आणि अर्ध आहेत, म्हणजे दुसरा अर्धा. म्हणून तर आपण साडेएक, साडेदोन म्हणत नाही. ती जागा आधीच भरलेली आहे. साडे हा सार्धपासून आला, म्हणजे अर्ध्यासकट. इथे मोजणी उलटी: आधीच्या पूर्ण संख्येत अर्धा मिळवायचा. तीनपाशी दोन्ही रीती समोरासमोर आल्या आणि साडेतीननं औटला व्यवहारातून हटवलं.

आता पाव. चार पायांच्या जनावराचा एक पाय, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा. दोन स्वरांमधला द प्राकृतात गळतो, उरतं पाअ. मधली फट कधी व नं बुजते, कधी य नं. एकाच पादाचे पाव आणि पाय झाले ते असे. पादोन म्हणजे पावानं उणा: द गळला, न चा ण झाला, पाऊण तयार. पानीयचं पाणी होताना न असाच बदलला. सपाद म्हणजे पावासकट, तो सव्वा. त्यातल्या प चा व झाला, दीपकचा दिवा होताना झाला तसाच. नियम खरा की खोटा, हे अशा दुसऱ्या शब्दावर ताडून बघायचं. एकाच शब्दासाठी बनवलेला नियम मी तरी मानत नाही.

खायचा पाव मात्र या घरातला नाही. तो पोर्तुगीज 'पाँव'. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही समजूत बरीच पसरली आहे, पण तिला आधार नाही.

जुन्या पाढ्यांची नावं एकदा ओळीनं म्हणून बघा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. या सातांत निमकी तेवढी बाहेरून आली. तिच्यातला नीम फारसी आहे, निम्म्यातला तोच.